बॉक्स ते टीव्ही : शेवटचे चार फूट

प्रति,
केबल कंपन्यांचे मा. व्यवस्थापक,
महाराष्ट्रात जिथे जिथे आपलं जाळं पसरलं आहे तिथे



मी आपला जुना वर्गणीदार आहे. कुठल्या कंपनीचा, ते मुद्दाम लिहीत नाही. आपल्यापैकी कोणीही हे पत्र वाचलं तरी ‘हे आपल्याबद्दलच दिसतंय’ असं वाटण्याची शक्यता बरीच आहे, आणि तसं वाटावं अशीच इच्छा आहे.

मी इंजिनियर नाही. पण वायरी कुठून निघून कुठे जातात हे बघायची मला खोड आहे आणि ती आमच्या धायरीच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत झाली आहे. त्यामुळे कुणाकडे नवा एचडी बॉक्स आला, की आपला माणूस जिना उतरून गेल्यावर थोड्याच वेळात मला फोन येतो, ‘काका, जरा वर येऊन जाता का?’ मी जातो. चहा होतो. आणि बहुतेक घरांत तेच दिसतं : बॉक्स एचडी, टीव्ही एचडी, बिल एचडी आणि पडद्यावरचं चित्र मात्र एचडी नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचंच घ्या. मुलाने दिवाळीत त्रेचाळीस इंची टीव्ही आणून भिंतीवर लावून दिला आणि एचडी पॅक घ्यायला लावला. मी गेलो तेव्हा मालिका चालू होती. सुनेचा चेहरा दोन्ही गालांनी आडवा पसरलेला, कपाळ चेपलेलं, देवघरातली समई बुटकी. टीव्ही आणि भिंत यांत जेमतेम दोन बोटं शिरतील एवढी फट. मोबाइलचा उजेड पाडून डोकावलो तर अपेक्षेप्रमाणे पिवळी, लाल, पांढरी अशा तीन पिना. एचडीएमआयची वायर बॉक्सच्या खोक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर बांधलेली तार न सोडता तशीच पडलेली. का, ते लगेच कळलं. ती मीटरभराचीच होती आणि खालच्या कपाटावरच्या बॉक्सपासून वरच्या टीव्हीपर्यंत पुरत नव्हती. तीन पिनांची वायर लांब होती, ती लागली. चित्र आलं, आवाज आला, सही झाली, माणूस पुढच्या घरी गेला.

आता पिवळ्या पिनेतून एचडी जात नाही, हे आपल्याला मी सांगायला नको. त्या एका तारेत रंग आणि उजेड एकत्र कालवून जुन्या पद्धतीचं चित्र जातं, ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं. पूर्ण एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०. गुणाकार करून बघा, बरोबर पाचपट येतो. म्हणजे आपण स्टुडिओपासून आजींच्या कपाटापर्यंत पाच वाट्या श्रीखंड आणलंत आणि शेवटच्या चार फुटांत चार वाट्या सांडल्या. पैसे पाचही वाट्यांचे घेतलेत.

आजी काय म्हणाल्या ते महत्त्वाचं. ‘मला वाटलं, नवीन टीव्हीत असंच दिसत असेल.’

माझी सगळी तक्रार या वाक्यात आहे. आपल्या तक्रारवहीत ही नोंद कधीच येणार नाही. ज्याने चांगलं चित्र पाहिलेलंच नाही तो ते मिळालं नाही म्हणून फोन करत नाही. जुन्या केबलच्या काळी हे असं नव्हतं. वायर थेट टीव्हीत खोचलेली असायची. सिग्नल कमी पडला की पडद्यावर मुंग्या येत, सावल्या दिसत, आणि गल्लीतला अडाण्यातला अडाणी माणूसही केबलवाल्याला हाक मारून सांगू शकत असे की बाबा रे, तुझी वायर बघ. मग कायदा झाला. १९९५च्या केबल कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि बॉक्स सक्तीचा झाला. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ पासून, आमच्या पुण्यासह ३८ शहरांत ३१ मार्च २०१३च्या मुदतीने, पुढे टप्प्याटप्प्याने गावोगाव. मुंग्या गेल्या, ही चांगलीच गोष्ट झाली. पण मुंग्यांबरोबर दोष दिसण्याची सोयही गेली. डिजिटल चित्र एक तर येतं, नाही तर चौकोन चौकोन होऊन फाटतं. पाचपट कमी तपशील असलेलं चित्र मात्र गुपचूप, स्वच्छ, बिनमुंग्यांचं येतं आणि कुणाला संशयही येत नाही.

तेव्हा पहिली विनंती साधी आहे. एचडी बॉक्सबरोबर दोन किंवा तीन मीटरची एचडीएमआय वायर द्या. आज टीव्ही भिंतीवर असतो आणि बॉक्स खाली, हे आपल्याला माहीत आहे. मीटरभराची वायर कुठल्या घरात पुरते, ते एकदा आपल्याच दिवाणखान्यात बघा. जास्तीचे पैसे लागत असतील तर सांगून घ्या. लोक देतील. वायर नसेल तर माणसाने घरमालकाला स्पष्ट सांगावं, ‘आज साध्या पिनेवर चालू करून जातोय, पण हे एचडी नाही. लांब वायर आणली की फरक पडेल.’ एवढं एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो?

दुसरं म्हणजे वायर बदलली की काम संपत नाही. टीव्ही जुन्याच जागी, ‘एव्ही’वर बसलेला असतो. त्याला ‘सोर्स’ दाबून एचडीएमआयवर आणावं लागतं. त्यातही एक नंबर, दोन नंबर असतात. मला येणाऱ्या फोनांतले सगळ्यात जास्त फोन ‘टीव्ही गेला हो, नो सिग्नल लिहून येतंय’ असे असतात. टीव्ही गेलेला नसतो. नातवाने गेम खेळायला सोर्स बदललेला असतो आणि परत आणलेला नसतो. वायर जिथे खोचली तो नंबर लिहिलेली छोटी चिकटपट्टी टीव्हीच्या कडेला लावली, तर निम्मे फोन थांबतील. मी माझ्यापुरता हा उद्योग सुरू केला आहे. सोसायटीतल्या बऱ्याच टीव्हींच्या कडेला माझ्या हस्ताक्षरात ‘एचडीएमआय २’ लिहिलेलं सापडेल.

यापुढचा भाग बॉक्सच्या आतला आहे, आणि तिथे माझा राग जरा वाढतो. आपले बॉक्स कारखान्यातून येतात तेव्हा बऱ्याच वेळा जुन्या चौकोनी टीव्हीला जुळतील अशा बेताने लावलेले असतात. रिझोल्यूशन कमी, चित्राचं प्रमाण चारास तीन. मेनूत जाऊन ते १०८० आणि सोळास नऊ करावं लागतं. हे करणारी माणसं ज्या घरात नाहीत, त्या घरात बॉक्स आयुष्यभर तसाच राहतो. आणि मेनू कसा आहे? सेटिंगमध्ये शिरलं की आधी पिन मागतो. ती चार शून्यं किंवा एक-दोन-तीन-चार असते, पण हे सांगतं कोण? मग पिलरबॉक्स, लेटरबॉक्स, पॅन अँड स्कॅन अशी नावं. मग रिझोल्यूशन बदललं की पडदा क्षणभर काळा होतो आणि इंग्रजीत विचारतो, ही सेटिंग ठेवायची का? काही सेकंदांत ओके नाही दाबलं तर सगळं पूर्ववत. ज्या बाईंना चष्मा शोधायला तेवढा वेळ लागतो, त्यांनी काय करायचं?

माझी सूचना अशी. बॉक्स पहिल्यांदा चालू झाला की पडद्यावर एक मोठं वर्तुळ दाखवा आणि मराठीत विचारा, ‘हे गोल दिसतंय का?’ लंबगोल दिसत असेल तर एक बटण, गोल दिसत असेल तर दुसरं. दूरचित्रवाणीच्या जुन्या चाचणीचित्रांत मध्यभागी वर्तुळ असायचं ते याचसाठी. चित्र ताणलं गेलंय की नाही हे डोळ्यांना वर्तुळावरून जितक्या पटकन कळतं, तितकं दुसऱ्या कशावरून कळत नाही. ही युक्ती आपल्या अभियंत्यांच्या आधीच्या पिढीला ठाऊक होती. वर्तुळाला भाषाही लागत नाही, पिनही लागत नाही.

भाषेचं निघालंच आहे तर मेनू मराठीत हवा, हेही सांगून टाकतो. गाणी मराठी, मालिका मराठी, बिलाची आठवण करून देणारा मेसेज मराठी, आणि आवाज येत नसेल तर ‘ऑडिओ आउटपुट : डॉल्बी / पीसीएम’ असा प्रश्न. काही जुने टीव्ही एचडीएमआयवरून आलेला डॉल्बी आवाज उलगडू शकत नाहीत, मग चित्र छान आणि आवाज ठार बंद. उपाय एका ओळीचा आहे : आवाज साधा स्टिरिओ करा. पण ती ओळ कुणाला वाचता यावी अशी लिहिलेलीच नाही.

आता रिमोट. हा विषय घरोघरी भांडणाचा आहे म्हणून जरा विस्ताराने लिहितो. एचडी बॉक्स आला की टेबलावर दोन रिमोट येतात. बॉक्सच्या रिमोटने वाहिनी बदलायची, टीव्हीच्या रिमोटने आवाज. रात्री टीव्हीच्या रिमोटने टीव्ही बंद होतो, बॉक्स चालूच राहतो आणि सकाळी हात लावला तर गरम लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी टीव्ही चालू करतं आणि बॉक्सचंही बटण दाबतं, म्हणजे जो चालू होता तो बंद. परत ‘नो सिग्नल’. परत मला फोन.

वास्तविक आपल्या बऱ्याच रिमोटवर वरच्या कोपऱ्यात चार-पाच वेगळी बटणं असतात, टीव्ही पॉवर, आवाज, सोर्स. ती टीव्हीच्या रिमोटकडून शिकू शकतात. दोन्ही रिमोट समोरासमोर तोंड करून ठेवायचे, बॉक्सच्या रिमोटवरचं ‘सेट’ लाल दिवा लागेपर्यंत दाबायचं, मग शिकवायचं ते बटण दाबायचं आणि लगेच टीव्हीच्या रिमोटवरचं तेच बटण. दिवा लुकलुकला की शिकलं. असं एकेक करून झालं की टीव्हीचा रिमोट कपाटात ठेवून देता येतो. मी हे करून दाखवतो तेव्हा लोक जादू पाहिल्यासारखे बघतात. वर्षानुवर्षं जो रिमोट हातात आहे त्यात ही सोय आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आपण तिचा खर्च केलात, बटणं छापलीत, चिप घातलीत आणि सांगायचं विसरलात. ही उदासीनता मला कळत नाही.

वाहिन्यांच्या क्रमांकांबद्दलही बोलायला हवं. मराठीतल्या मोठ्या मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या २०१६ साली आल्या. तेव्हापासून बहुतेक ठिकाणी साधी वाहिनी एका क्रमांकावर आणि तीच एचडीत दुसऱ्या क्रमांकावर. लोकांच्या बोटांत जुना क्रमांक बसलेला असतो. पॅक एचडीचा, वायर एचडीची, सेटिंग माझ्या कृपेने बरोबर, आणि संध्याकाळी सात वाजता बोटं जुनाच क्रमांक दाबतात. पैसे एचडीचे भरून माणूस साधीच वाहिनी बघतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्रायने) एका प्रकारच्या वाहिन्या एकत्र, एका भाषेच्या वाहिन्या शेजारी-शेजारी ठेवायला सांगितल्या, क्रमांक वर्षभर हलवू नका असं सांगितलं. ते बरं झालं. पण ज्याने एचडी घेतली आहे त्याच्या बॉक्सवर जुन्याच क्रमांकाला एचडी का येऊ नये? ब्रिटनमध्ये स्काय या दूरचित्रवाणी कंपनीने आपल्या एचडी ग्राहकांच्या यादीत मुख्य वाहिन्यांच्या नेहमीच्या जागी एचडी आणून बसवली होती. कुणी काय घेतलं आहे, हे आपल्या संगणकाला पैसा न पैसा माहीत असतं. पॅकचे पैसे संपले की रात्री बारा वाजता वाहिनी बंद करायला तो चुकत नाही. मग क्रमांक जोडून द्यायला का अडखळतो?

आणि बॉक्स चालू केल्यावर जी वाहिनी आपोआप डोक्यावर येऊन बसते, तिच्याबद्दल काय लिहू? काल रात्री मी कीर्तन बघता बघता बॉक्स बंद केला असेल, तर सकाळी तोच कार्यक्रम नाही तर निदान तीच वाहिनी समोर यावी, ही साधी अपेक्षा. त्याऐवजी कुठल्याशा वृत्तवाहिनीवरचं भांडण मोठ्या आवाजात घरात शिरतं. ती जागा विकली जाते हे सर्वांना ठाऊक आहे. कायद्याने चालत असेल. पण तो पडदा मी घेतलेला आहे, बॉक्सचे पैसे मी भरलेले आहेत आणि झोपेतून उठलेली मुलं माझ्या घरातली आहेत. ‘शेवटची पाहिलेली वाहिनी’ असा एक पर्याय मेनूत ठेवा आणि तो सापडेल असा ठेवा.

पैशांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर लिहिणारे खूप आहेत. प्राधिकरणाच्या २०१७च्या नियमांत बसवणीचे जास्तीत जास्त ३५० रुपये आणि चालू करण्याचे १०० रुपये अशी मर्यादा होती. २०२४ साली ती उठवली आणि काय घ्यायचं ते आपल्यावर सोपवलं. घ्या. माझी त्याला हरकत नाही. फक्त ‘बसवणी’ म्हणजे काय काय, हे पावतीवर छापा. बाहेरची वायर आणून बॉक्सला लावणं म्हणजे बसवणी की पडद्यावर खरंखुरं एचडी चित्र येणं म्हणजे बसवणी? माझ्या मते दुसरं. पावतीवर चार ओळी पुरेत : एचडीएमआय लावली, रिझोल्यूशन तपासलं, चित्राचं प्रमाण तपासलं, रिमोट शिकवला. चारही ओळींपुढे खूण झाल्यावर ग्राहकाने सही करावी. आज ती सही नुसती ‘चित्र आलं’ याची असते.

इथे आपल्या माणसांची बाजू घेतो. आमच्या भागातला मुलगा हुशार आहे, नम्र आहे, पावसाळ्यात गच्चीवरच्या ओल्या डब्यात हात घालतो. त्याला दिवसभरात इतकी घरं करायची असतात की कुणाच्या टीव्हीमागे बॅटरी मारत बसायला त्याच्याकडे वेळच नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. वेळ आपण दिलेला नाही. एका एचडी जोडणीला अर्धा तास धरा, तेवढे पैसे त्याच्या हातात पडतील असं बघा, आणि बघा काम कसं होतं ते.

आणखी एक. आपल्याला ९९९ या क्रमांकावर ग्राहकमाहितीची वाहिनी चालवावी लागते. ती किती लोक बघतात? आमच्या सोसायटीत मी विचारलं तर अशी वाहिनी आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्यावर मराठीत एक छोटी फिल्म सारखी फिरती ठेवा. त्यात टीव्हीची मागची बाजू दाखवा, पिवळी पिन आणि एचडीएमआय यांच्यातला फरक एकाच चित्रावर अर्धा-अर्धा पडदा करून दाखवा, दोन रिमोट समोरासमोर ठेवून दाखवा. आवाज एखाद्या घरगुती बोलणाऱ्या बाईंचा घ्या, घोषणा देणाऱ्याचा नको. मग बॉक्स पहिल्यांदा चालू झाल्यावर जबरदस्तीने एखादी वाहिनी आणायचीच असेल, तर पहिले दोन दिवस तीच आणा. त्या जबरदस्तीला माझा पाठिंबा राहील.

शेवटची मागणी जड आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. घर बदललं, दुसरा भाग आला, तिथे दुसऱ्या कंपनीची केबल असली की आपला बॉक्स निकामी. आमच्या माळ्यावर असे दोन बॉक्स पडून आहेत आणि मला खात्री आहे की महाराष्ट्रात असे माळे पुष्कळ असतील. बॉक्स कुठल्याही कंपनीला चालावा अशी शिफारस प्राधिकरणाने एप्रिल २०२० मध्ये केली. ती प्रत्यक्षात आणणं आपल्या एकट्याच्या हातात नाही, हे मान्य. पण आपल्यातले कुणी ‘आमचा बॉक्स परत करा, अमुक रक्कम परत घेऊन जा’ एवढं तरी जाहीर करू शकेल. त्याला प्राधिकरणाच्या परवानगीची गरज नाही.

उत्तराची वाट बघतो. उत्तर मराठीत आलं तर आनंद होईल. संगणकाने आपोआप पाठवलेलं ‘आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे’ असं आलं, तर ते उत्तर धरणार नाही.



आपला,
धायरीचा एक वर्गणीदार
(आणि सोसायटीचा बिनपगारी बॉक्स-जोडणारा)

ता. क. हे वाचून आपण उत्साहाने बॉक्सच्या मागची पिवळी पिनच काढून टाकाल, अशी एक धास्ती आहे. कृपा करून तसं करू नका. माझ्या मामांकडे गावी अजून जाडजूड काचेचा जुना टीव्ही आहे, त्याला एचडीएमआयची जागाच नाही, आणि तो उत्तम चालतो. पिवळी पिन त्यांच्यासाठी राहू द्या.